दौलतरावाचा डावा कान

आम्रपाली ओव्हाळशी वाद घालायचा असेल तर माप घेऊन या. नुसतं तोंड घेऊन आलात तर परत जाल. महाळुंग्याच्या ज्या कंपनीत ती कामाला आहे, तिथल्या भल्याभल्या साहेबांना हे कळून चुकलंय.

तिचं काम असं. गाडीच्या एखाद्या पार्टमधलं भोक गिऱ्हाइकाला थोडं मोठं हवं झालं, की नवं ड्रॉइंग येतं आणि कागदाच्या कोपऱ्यातलं ‘बी’ हे अक्षर जाऊन ‘सी’ येतं. मग आम्रपाली नव्या कागदांची चळत घेऊन शॉपवर उतरते, एकेका मशीनपाशी जाऊन जुना कागद काढते, नवा लावते, आणि जुना तिथल्या तिथं टराटरा फाडते. “राहू द्या ना मॅडम, मागं कोरा आहे, हिशेबाला होईल,” असं कुणी म्हणालाच तर त्याच्याकडे अशी बघते की तो पुढच्या वर्षापर्यंत काही मागत नाही. “जुना कागद मशीनपाशी राहिला, की जुनाच माल निघतो,” हे तिचं ठरलेलं वाक्य. पोरं तिच्या पाठीमागे तिच्याच आवाजात ते म्हणून दाखवतात. तिला ते ठाऊक आहे. पाठ झालं हे बरंच झालं, म्हणते.

स्वभाव बापावर गेलाय, दुसरं काय. बाबा आकुर्डीच्या कारखान्यात टूलरूमला होते. रिटायर होऊन जमाना झाला, तरी मंडईतून दुधी आणला की डोळ्यापुढे आडवा धरून “वाकडाय” म्हणतात. आई दोघांनाही वैतागलेली. लेकीनं पस्तिशी ओलांडली तेव्हापासून तर तिच्या बोलण्याला वेगळीच धार आलीय. “दुनियेची कॅरेक्टरं जुळवून देतेस, एखादं स्थळ जुळव की स्वतःचं!” हे रविवारी ठरलेलं. सकाळी विहारात वंदना, दुपारी आईचं हे वाक्य, आणि ते पुरतं संपायच्या आत आम्रपाली चपला घालून बाहेर.

कॅरेक्टरं म्हणजे काय, ते सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल बाई नाटकात आहे.

एक खेळ असतो. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं, म्हणजे कॅरेक्टरं, होतात. सांगणारा म्हणतो, “घाटाच्या तोंडाशी आलात, पुढं धुकं आहे, काय करता?” मग प्रत्येकानं आपलं माणूस काय करेल ते सांगायचं, आणि जमतंय की नाही ते फाशांनी ठरवायचं. प्रत्येकाजवळ एक कागद. आपल्या माणसात ताकद किती, अक्कल किती, त्याला येतं काय, येत नाही काय, सगळं त्यावर आकड्यांत. नियमांचं पुस्तक इंग्रजी, त्याचं नावही लांबलचक, आपल्याला काय करायचंय. गंमत अशी की दर काही वर्षांनी या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आणि सगळे नियम बदलतात. जुन्या नियमांत घडवलेलं माणूस नव्या नियमांत बसत नाही. मग ज्याच्याबरोबर तुम्ही चार वर्षं डोंगर तुडवले, त्याचं करायचं काय? टाकून द्यायचं?

तर टाकायचं नाही. आम्रपालीकडे न्यायचं. जुन्या आवृत्तीतलं माणूस नव्या आवृत्तीत उतरवून देण्यात तिचा हात धरणारा या भागात कुणी नाही. निगडीपासून वाकडपर्यंतची मंडळी तिला फोनवर कागद पाठवतात. हिंजवडीतली कॉम्प्युटरवाली पोरंसुद्धा. तिला हे अवघड वाटत नाही. रोज तेच तर करते, ‘बी’चं ‘सी’.

खेळ जमायचा तो आकुर्डीत दिग्विजयच्या फ्लॅटवर. दिग्विजय म्हणजे गोष्ट सांगणारा. त्यानं त्या इंग्रजी पुस्तकातले बर्फाचे डोंगर काढून सह्याद्री घातला, ड्रॅगनच्या जागी आपल्याकडची भुतंखेतं आणली. त्याची बायको दिव्या खेळायची, तिनं गोष्टीत एक चोरटी घेतलेली. मूळचा रत्नागिरीकडचा सिद्धेश हा त्यात मांत्रिक. आम्रपाली वैदू. आणि चौथे ज्योतीरामदादा.

ज्योतीराम सूर्यवंशी मूळचे औशाकडचे, राहायला कुरुळीत, आम्रपालीच्याच कंपनीत फोर्ज शॉपला. तिथं लालभडक लोखंडावर हातोडा पडतो तेव्हा बाहेरच्या टपरीवरचा चहा कपात हलतो. वीस वर्षं माणूस त्या हातोड्यापाशी उभा आहे. कंपनीच्या बसमध्ये त्यांची जागा ठरलेली, डाव्या रांगेत खिडकीशी. एकदा शेजारी आम्रपाली बसली होती, मांडीवर कुणाचातरी कागद, हातात फासा. दादांनी बराच वेळ बघितलं.

“ताई, हे कोन बिमार हाय?” त्यांना तो दवाखान्याचा कागद वाटला.

तिनं सगळं समजावून सांगितलं. दादा सबंध मोशीभर ऐकत राहिले आणि उतरताना म्हणाले, “मला घेता का तुमच्यात?” त्यांचा आवाज मुळातच मोठा. अख्ख्या बसनं वळून बघितलं.

बाकी सगळ्यांची माणसं तरणीताठी, देखणी, तलवारी नाहीतर मंत्र बाळगणारी. दादांनी काय केलं? एक हमाल केला. वय पंचावन्न. नाव दौलतराव! “नावात तरी असू द्या की,” म्हणाले. जुन्या आवृत्तीत एक नियम होता, आपल्या माणसाला एखादी खोड घ्यायची, लंगडेपण, रातआंधळेपण, काहीही, आणि बदल्यात जास्तीचे पॉइंट मिळवायचे. दादांनी खोड घेतली, डावा कान ठार बहिरा. मिळालेले सगळे पॉइंट दौलतरावाच्या पाठीत घातले. दोन पोती धान्य आणि वर एक मांत्रिक असा तो घाट चढायचा.

दिग्विजय नियमांचा पक्का. त्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, “दौलतरावाशी डावीकडून बोललात तर त्याला ऐकू गेलं नाही असं धरणार. टेबलावरसुद्धा!” झालं. त्या दिवसापासून सगळे दादांच्या उजव्या अंगाला. त्यांच्या डावीकडच्या खुर्चीवर पिशव्या आणि हेल्मेटं. दादांना काही सांगायचं तर टेबलाच्या टोकाचा सिद्धेश उठून, वळसा घालून उजवीकडे यायचा, आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडायचा, “ओ दौलतराव! खाली वाकाऽ!” हसून हसून पोटं दुखायची. सवयच पडली ती. पुढं पुढं तर चहा हवा का हेसुद्धा दिव्या उजवीकडूनच विचारायची.

आणि मग ती हाकामारी. ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सिद्धेशच्या गावाकडची ही बया रात्री नावानं हाक मारते. ओ दिली की माणूस खलास. दिग्विजयनं ती घाटात आणून बसवली. दरीच्या बाजूनं, म्हणजे डावीकडून, हाक आली. फासे पडले. चोरटीनं ओ दिली, मांत्रिकानं ओ दिली, वैदूनं ओ दिली. तिघंही कड्याच्या टोकाकडे चालायला लागले. खेळ संपल्यातच जमा. दिग्विजयनं दौलतरावाकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. दौलतरावाला हाक ऐकूच गेली नव्हती!

“माझा गडी काय करतोय सांगू का?” दादा उठून उभे राहिले होते. “त्याला वाटायलंय, ही पोरं येड्यावानी कुठं निघाली? त्यानं एकेकाला धरलं, पाठीवर टाकलं, अन् चालला आपला घाट उतरून.”

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन गेले. त्यानंतर कितीतरी रविवार कुणी काही विसरलं की म्हणायचं, “दौलतराव होता म्हणून वाचलो.” आणि दादा मान खाली घालून हसायचे, नवऱ्यामुलासारखे.

मग आली नवी आवृत्ती.

दिग्विजयनं पुस्तक मागवलं, सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता यापुढं नव्या नियमांनी. चारही कागद रीतसर आम्रपालीकडे गेले. तिनं आठवडाभर संध्याकाळी बसून ते उतरवले, आणि उतरवले ते असे की दिग्विजयला एक आकडा खोडता आला नाही. दौलतरावाचं मात्र जरा अडलं. नव्या आवृत्तीत खोडी हा प्रकारच नव्हता. माणसाला उणं काही द्यायचंच नाही असं पुस्तकवाल्यांनी ठरवलेलं. उलट प्रत्येकाला एक जन्मजात देणगी द्यायची. आम्रपालीनं विचार केला, बिचाऱ्याचा इतकी वर्षं कान गेलेला, आता नियमच बदललाय तर देऊन टाकू. तिनं दौलतरावाला देणगी लिहिली, ‘तिखट कान’. लिहिताना तिला फार बरं वाटलं. एखाद्याला बढतीचं पत्र द्यावं तसं.

आणि रविवारी तिनं नवे कागद वाटले नि जुने गोळा केले. दादांचा जुना कागद चहाच्या डागांनी रंगलेला, खोडून खोडून मध्ये भोक पडलेला. ते त्याची घडी करायला लागले होते.

“हा ठेवू का मी, ताई?”

“जुना कागद ठेवायचा नसतो दादा. घोटाळा होतो. तुम्हाला तर माहितीय.”

दादांना माहीत होतं. वीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस, त्याला हे पटणार नाही तर कुणाला? त्यांनी कागद दिला. तिनं चारही एकावर एक ठेवले आणि फाडले. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. कंपनीत याला शिस्त म्हणतात.

त्या दिवसापासून टेबलाची घडी बदलली. कान बरा झाल्यावर उजवीकडे गर्दी कशाला करायची? पिशव्या खाली गेल्या, डावीकडच्या खुर्चीत सिद्धेश ऐसपैस बसला. ओरडायचं कारण उरलं नाही, सगळे आपल्या नेहमीच्या आवाजात बोलायला लागले, आणि दिग्विजय तर गोष्ट रंगात आली की कुजबुजतो. दादांची पाळी यायची आणि ते तसेच बसलेले. सिद्धेश काहीतरी सांगायचा, दादा समोर बघत हसायचे. कधी सगळे हसून झाल्यावर एकटेच हसायचे. दोनतीनदा त्यांनी भलतंच काहीतरी केलं, दार बंद आहे असं सांगून झालं होतं तरी गडी दारातून आत घातला.

एकदा दिग्विजय वैतागला. “काय राव दादा! सगळ्यात तिखट कान तुमच्या गड्याचे, आणि तुम्हीच लक्ष देत नाही!”

सगळे हसले. दादाही हसले, पण जरा मागाहून.

पुढच्या रविवारी त्यांना ओव्हरटाइम लागला. त्याच्या पुढच्या रविवारी गावाकडचे पाहुणे आले. मग आणखी काहीतरी. बसमध्ये आम्रपाली विचारायला जावी तर दादा खिडकीला डोकं टेकून झोपलेले. माणूस खरंच झोपलाय की झोपेचं सोंग घेतोय, हे कंपनीच्या बसमध्ये कुणालाही कळतं. सगळेच दोन्ही करतात.

आम्रपालीला ते लागलं. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल? हिशेब तपासला! ताकद बरोबर, वजन बरोबर, पाठ बरोबर. एकही आकडा इकडचा तिकडे नाही. मग तिला राग आला. एवढं चांगलं करून दिलं तर यांना त्याची किंमत नाही. मग रागही गेला आणि नुसतं वाईट वाटायला लागलं, कारण दादा नव्हते तर टेबलावर मजाच नव्हती. दिव्या एकदा बोलून गेली की असंच चाललं तर खेळ बंदच करू.

शेवटी एका रविवारी वंदना झाल्यावर ती आकुर्डीला दिग्विजयकडे न जाता सरळ कुरुळीला गेली. हातात पेढ्यांचा पुडा, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून.

दादांची खोली चाळीसारख्या एका बिल्डिंगमध्ये तळमजल्याला. दार उघडंच, टीव्ही एवढ्या मोठ्यानं लावलेला की गल्लीच्या तोंडाशीच बातम्या कळत होत्या. दादा दाराकडे डावं अंग करून मोटारसायकलची चेन साफ करत बसलेले.

“दादा!”

काही नाही. ती दोन पावलं पुढं आली. “ज्योतीरामदादा, मी आलेय.” चेनवरचा हात तसाच चालू. आता मात्र आम्रपालीला अपमान वाटला. एवढा राग? तोंड फिरवण्याइतका? ती माघारी वळणार, तेवढ्यात आतून दादांच्या पत्नी सुभद्राबाई आल्या, पदराला हात पुसत. त्यांनी हिला बघितलं, नवऱ्याला बघितलं, आणि वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेल्या नि खांद्याला हात लावला.

“ओ, कोन आलंय बघा की.”

दादा दचकून वळले. “आरं! ताई! कवा आल्या?” आणि त्यांचं तोंड असं काही फुललं की रागाबिगाचा पत्ताच नाही. “बसा, बसा. शुबे, च्या टाक. दूध आनतो मी.” आणि तसेच ग्रीसच्या हातानं किटली घेऊन बाहेर पडलेही.

आम्रपाली उभीच्या उभी राहिली होती. तिनं त्या वळशाकडे बघितलं होतं. तो वळसा तिच्या ओळखीचा होता.

“डाव्या बाजूनं बोलू नका ताई,” सुभद्राबाईंनी टीव्ही बंद केला. “तो कान हातोड्यानं खाल्लाय. लई वर्सं झाली.”

“दादा कधी बोलले नाहीत.”

“कामून बोलतील? गड्यामानसाला शरम वाटते. बहिरं म्हनतेत, हसतेत. माज्याशीसुदिक बोलत न्हाईत त्यावर.” त्यांनी चहाचं पाणी ठेवलं. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तुमच्याकडनं येयाचे ना आयतवारी, तवा लई खूश असायचे. म्हनायचे, शुबे, तितं मला सगळं ऐकू येतंय.”

आम्रपाली खाली बसली. पेढ्यांचा पुडा मांडीवर तसाच.

काय केलं होतं तिनं! माणसानं आपलं दुखणं त्या कागदावर दौलतरावाच्या नावानं ठेवलं होतं. चार वर्षं चार माणसं त्याच्या उजव्या अंगाला बसत होती, मोठ्यानं बोलत होती, आणि एकालाही त्याची कीव करायची वेळ आली नव्हती, कारण सगळ्यांना वाटत होतं हा खेळ आहे. आणि हिनं काय केलं, तर कान बरा करून दिला! वर तो जुना कागद मागून घेऊन, त्यांच्या डोळ्यांदेखत फाडला. बसमधली ती खिडकीची जागा, डाव्या रांगेतली, बहिरा कान खिडकीकडे राहील अशी, तीसुद्धा तिला आत्ता दिसली. रोज शेजारून जाणाऱ्या बाईला ती एवढ्या वर्षांत दिसली नव्हती. आणि म्हणे माप घेते!

“कुनाला सांगू नका बरं,” सुभद्राबाई म्हणाल्या. “मी सांगितलं कळलं, तर आठ दिस बोलायचे न्हाईत माज्याशी.”

“नाही सांगणार,” आम्रपाली म्हणाली. डोळे पुसायला तिनं ओढणी घेतली, तर सुभद्राबाईंनी धूर झालाय म्हणून खिडकी उघडली. गॅसच्या शेगडीला कसला आलाय धूर.

आता पंचाईत बघा. कान परत आणायचा, पण का ते सांगायचं नाही. नव्या पुस्तकात खोडीला जागा नाही. जुना कागद तर तिनंच फाडलेला. आणि समोर दिग्विजय, जो नियमापुढं बायकोलाही सोडत नाही. त्याला असं शिस्तीचं बाळकडू पाजलं कुणी, तर हिनंच! “एक पार्ट, एक ड्रॉइंग” हे त्याला हिनं शिकवलेलं. करावं तसं भरावं, ते हे असं.

पुढच्या रविवारी दादा नव्हतेच. आम्रपालीनं बसल्या बसल्या सांगितलं, “दौलतरावाचा कागद मी मागे घेतेय. माझी चूक झालीय.”

तिघंही तिच्याकडे बघायला लागले. आम्रपालीच्या तोंडून ‘माझी चूक’ हे दोन शब्द आजवर कुणी ऐकले नव्हते. सिद्धेशनं तर फासा खाली ठेवला.

“चूक कुठंय?” दिग्विजयनं कागद चाळला. “हिशेब चोख आहे. मी बघितलाय.”

“हिशेब चोख आहे. पार्टसुद्धा कधी कधी मापात चोख असतो आणि गाडीत बसत नाही. तसं झालंय. त्याचा डावा कान परत बहिरा करायचाय.”

“अगं, पण नव्या एडिशनमध्ये खोड नाहीये!”

“मग बिनखोडीचा बहिरा कर. पॉइंट देऊ नकोस.”

“असं कसं? प्रत्येकजण उद्या उठून काहीतरी मागेल. नवं म्हणजे नवं. तूच म्हणतेस ना, जुना कागद राहिला की जुनाच माल निघतो?”

आपलंच वाक्य आपल्याच तोंडावर येऊन आदळलं की कसं वाटतं, ते आम्रपालीला त्या दिवशी कळलं. मग तिनं आपला, दिव्याचा आणि सिद्धेशचा असे तिन्ही नवे कागद ओढून घेतले आणि दिग्विजयपुढं ठेवले.

“ठीक आहे. मग हे पण फाड.”

“हे कशाला?”

“दौलतरावाचे कान पहिल्यापासून तिखट होते ना? मग हाकामारीच्या घाटात त्याला हाक ऐकू गेली. त्यानंही ओ दिली. आम्हाला कुणी पाठीवर घेतलं नाही. आम्ही चौघंही त्या दरीत मेलोय दिग्विजय, कधीच मेलोय. मेलेल्या माणसांची कॅरेक्टरं कशाला उतरवून घेतलीस माझ्याकडून?”

दिव्यानं आपल्या चोरटीच्या कागदावर हात ठेवला, खरंच कुणी फाडेल की काय म्हणून.

दिग्विजयनं पुस्तक उघडलं, दोनचार पानं उलटली, मिटलं. पुन्हा उघडलं. “च्यायला,” म्हणाला. “खरंय.” मग बराच वेळ डोकं खाजवून हळूच म्हणाला, “पण तू एवढी पेटलीस कशानं?”

“खेळ आहे म्हणून सोडून द्यायचं का?” ती म्हणाली. ते उत्तर नव्हतं. दिग्विजयनं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग त्याची नजर दादांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली, त्या खुर्चीच्या डावीकडे बसलेल्या सिद्धेशकडे गेली, आणि त्यानं पुढं काही विचारलं नाही. त्यानं लिहायला पेन्सिल दिली.

मग चौघांनी मिळून दौलतराव आठवला. जुना कागद नव्हता, पण माणूस आठवत होता. सिद्धेश म्हणाला, त्याला पोहता येत नाही, मी त्याला नदीतून ओढलाय. दिव्या म्हणाली, तो कुत्र्यांना आपली भाकरी देतो. दिग्विजयला आठवलं की दौलतराव देवळात शिरताना ओझं खाली ठेवत नाही. फाडलेल्या कागदावर यातलं निम्मंसुद्धा नव्हतं. आम्रपालीनं सगळं नव्या नियमांत बसवलं आणि देणगीच्या रकान्यात ‘तिखट कान’ खोडून लिहिलं, ‘डावा कान नाही’.

सोमवारी बसमध्ये ती दादांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांच्या उजव्या अंगाला, आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “दादा, उठा. दौलतरावाचा कागद चुकला होता. परत घेतलाय.”

दादांनी डोळे उघडले. “तुमचा कागद चुकला?” त्यांचा विश्वास बसेना.

“माझा. आता रविवारी या. नाहीतर ती पोरं घाटात अडकून पडलीत.”

आणि रविवारी दादा आले. इस्त्रीचा शर्ट घालून. कागद हातात घेऊन लांब धरून वाचला. ‘डावा कान नाही’ तिथं बोट थांबलं. “ह्याचे पॉइंट किती?”

“शून्य,” दिग्विजय म्हणाला. म्हणाला कसला, ओरडलाच. “नवे नियम आहेत दादा. फुकट घ्यावा लागेल.”

“घेतो की,” दादा म्हणाले.

दिव्या खुर्ची ओढून उजवीकडे सरकली. सिद्धेश उठला, त्यानं आपलं हेल्मेट उचललं आणि डावीकडच्या खुर्चीवर ठेवायला गेला, तर तिथं आम्रपाली येऊन बसली होती. “मी बसते इथं,” म्हणाली. “मला नाहीतरी कमी बोलायचंय.” हे ऐकून सिद्धेशला ठसका लागला.

खेळ सुरू झाला. दौलतरावानं ओझं उचललं, सगळे मिळून घाटाला लागले. मध्येच केव्हातरी, दिग्विजय पुस्तकात काही शोधत होता तेव्हा, दादा आम्रपालीकडे झुकले. तोंडाशी हात धरला आणि त्यांच्या समजुतीनं अगदी हळू, तिच्याच कानात पडेल असं बोलले.

“ताई, तुमाला शुबीनं सांगितलं व्हय, माज्या कानाचं?”

वीस वर्षं हातोड्याशेजारी काढलेल्या माणसाचं हळू ते. स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू गेलं असेल. दिव्याचा हात कपाशी थबकला. दिग्विजयनं पानावरून मान वर केली नाही. सिद्धेश वाकून टेबलाखाली फासा शोधायला लागला, आणि फासा तर त्याच्या मुठीत होता.

आम्रपालीनं दादांकडे तोंड वळवलं.

“काय म्हणालात?” ती मोठ्यानं म्हणाली. “ऐकू नाही आलं.”

दादांनी तिच्याकडे बघितलं. मग टेबलाभोवती एकेकाकडे बघितलं. कुणालाच काही ऐकू आलेलं नव्हतं.

“काय न्हाई,” ते म्हणाले, आणि फासा उचलला. “माझा गडी म्होरं चालतोय. या माज्या मागं.”